नववा बार

महाराजांच्या वाढदिवशी सलामीची नववी, म्हणजे शेवटची तोफ डागताना नळी फुटली आणि गोलंदाज येसाजी जागीच गेला. संस्थानात पेन्शन मिळे ती फक्त लढाईत पडलेल्याच्या विधवेला. म्हणून त्याची बायको धुरपदा आपल्या एकटीपुरता कायदा मागायला सभेपुढे उभी राहिली. नवऱ्याचं म्हणून तिला एक जळकं पागोटंच परत मिळालं होतं. ते तिने पदराखाली धरलं होतं.

"एका बाईसाठी कायदा?" दिवाण अंबादासराव हसले. "अहो, तो बार नव्हेच. तोफ फुटली, हा अपघात. अपघाताचं दरबाराला काय?"

सभासदांनी माना डोलावल्या. गादीवर महाराज मिशी कुरवाळत बसले होते.

धुरपदाच्या डोळ्यांतलं पाणी कधीच आटलं होतं. ती म्हणाली, "बरं, सरकार. तो बार नव्हता, तर सलामीतही धरू नका. महाराजांचा मान नऊ तोफांचा, पण त्या दिवशी आठच झाल्या. तोफांचा मान ठरवणाऱ्या गोऱ्या साहेबालाही तसंच कळवा."

महाराजांचा हात मिशीवरच थांबला.

"दिवाणजी, तोफा नऊच झाल्या!" ते गरजले.

"मग महाराज," धुरपदा हळूच म्हणाली, "नववी कुणी उडवली?"

कायदा त्याच बैठकीत मंजूर झाला.

पुढच्या वाढदिवशी नवी तोफ आली. धुरपदा दार लावून घरात बसली. आठ बार तिने ऐकले आणि नवव्याच्या आधी ते पागोटं कानांवर गच्च आवळून घेतलं.