पांढऱ्या देठांचा प्राजक्त

आमच्या गावच्या नदीवर पूल नव्हता, माणसं होडीतून ये-जा करत, तेव्हाची ही गोष्ट. गावात येसाई नावाची एकटी बाई राहत होती. तिच्या परसात प्राजक्ताचं एक लहानसं झाड होतं. कुणाला ताप आला, की ती त्याच्या पानांचा काढा करून द्यायची. फुलांचे केशरी देठ ती नखाने खुडायची, सावलीत वाळवायची आणि तुरटी घालून उकळायची. त्या रंगात ती गावातल्या प्रत्येक नव्या बाळाची कुंची रंगवायची. ती कुंची घातलेलं बाळ झोपेत कधी दचकत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी देवीच्या अंगणातल्या प्राजक्ताला फुलं फार कमी आली. पूजेला ओंजळभर मिळणंही कठीण झालं. येसाईच्या दारात मात्र सुपात देठ वाळत होते. गुरवाची बायको तानूबाई हिच्या नातवाचं बारसं जवळ आलं होतं, त्याची कुंचीही येसाईच रंगवणार होती. तरी तानूबाईच म्हणाली, "एवढंसं झाड तिचं, आणि रंग हंडाभर. पहाटे माझ्याआधी देवळात कोण जातं, ते कळलं आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाई टोपली घेऊन नदीकडून येत होती. बायकांनी तिला वाटेत अडवलं.

"काय गं येसाई, देवी जागी व्हायच्या आत उरकतेस वाटतं?" एकीने टोमणा मारला. बाकीच्या हसल्या.

येसाई बाजूने वाट काढून पुढे जाऊ लागली. तानूबाईने टोपली ओढून घेतली आणि उपडी केली.

खाली कोमेजलेली फुलं पडली. त्यांना हळदकुंकू लागलं होतं, अक्षता चिकटल्या होत्या. ते निर्माल्य होतं. घरोघरच्या देव्हाऱ्यांतली कालची फुलं, याच बायकांनी नदीकाठी टाकलेली.

"मग आधी नाही का सांगायचंस?" तानूबाई पुटपुटली.

"विचारलंत कुठे?" येसाई म्हणाली आणि खाली बसून एकेक फूल टोपलीत भरू लागली. बराच वेळ लागला. बायका उभ्या होत्या. एकही खाली वाकली नाही.

त्याच दिवशी येसाई होडीत बसून पलीकडे गेली. दुसऱ्या पहाटे गावात जेवढा प्राजक्त पडला, त्याचे देठ पाकळ्यांइतकेच पांढरे होते, असं म्हणतात. बायकांनी ते उकळून पाहिले. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

बारशाच्या दिवशी तानूबाईचा नातू पांढऱ्या कुंचीत पाळण्यात होता. आत्या नाव सांगायला पुढे आली, तेव्हा तानूबाईने तिला थांबवलं. चारचौघींत कबूल करायचा तिला धीर होईना, म्हणून ती बाळाच्या कानाशी वाकली.

"येसाईने काही चोरलं नव्हतं. तिची टोपली मी उपडी केली, आणि ती वेचत असताना मी नुसती बघत उभी राहिले."

ती फार हळू बोलली, तरी ते साऱ्या घराला ऐकू गेलं, असं म्हणतात. मग एकेक बाई उठली, पाळण्याशी गेली आणि आपलं आपलं सांगून आली. दुसऱ्या पहाटे देठ पुन्हा केशरी झाले. येसाई मात्र परत आली नाही.

आमच्या गावात अजूनही बाळाची कुंची निर्माल्यातल्या देठांनीच रंगवतात. आणि बारशाला आत्या बाळाच्या कानात आधी सांगते, "येसाईने काही चोरलं नव्हतं. आम्ही बघत उभ्या होतो." बाळाला त्याचं नाव त्यानंतर कळतं.