सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद

गाड्यांमधल्या वायरीही एकमेकींशी बोलत, तेव्हाची गोष्ट. सिद्रामच्या पिकअपला नवा स्टिरिओ बसला. हुसेनभाई वायरमनने त्याची जोडणी हेडलाइटच्या वायरीवरून घेतली, मध्ये छोटा फ्यूज घातला आणि बजावलं, "सिद्राम, आवाज बेताने ठेव."

पण स्टिरिओला चैन कुठली! "अजून करंट सोड," तो सारखा फ्यूजच्या मागे लागे.

"नाही. वायर बारीक आहे, तापेल."

"तापू दे! तुझं काय जातंय?"

सिद्रामने आवाज वाढवला आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग वैतागून त्याने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घडी करून तिथे खुपसला.

"तू तरी अडवणार नाहीस ना?" स्टिरिओने विचारलं.

"छे! मी कुणालाच नाही म्हणत नाही," कागद म्हणाला.

स्टिरिओ दणाणू लागला. वायर कळवळली, "अरे, मी भाजतेय, थांबव त्याला!"

"हो हो, थांबवतो की," कागद तिलाही म्हणाला, आणि करंट सोडत राहिला.

ऐन घाटात धूर निघाला, दिवे गेले. सिद्रामने कशीबशी गाडी थांबवून बाहेर उडी टाकली.

हुसेनभाईने जळका तुकडा कापून पुन्हा जोडणी केली, दुसरा स्टिरिओ लावला, नवा फ्यूज घातला. नव्या स्टिरिओने लगेच विचारलं, "काय रे, कितपत दणकट आहेस तू?"

"अजिबात नाही," फ्यूज म्हणाला. "जास्त मागितलंस की उडालोच."

उरलेली जुनी वायर पुटपुटली, "मग आज झोप लागेल."