राहून गेलेली साखळी

सुया-दोरे बोलायचे त्या काळची गोष्ट. एका पितळी क्रोशाच्या सुईने नैवेद्य झाकायला कमळाचा रुमाल स्वतः बेतला आणि तो कसा विणायचा ते सगळ्यांसाठी लिहून दिलं. लाकडी सुईने ते वाचून तो विणला, तर रुमालाची टोपीच झाली.

"मावशी, उद्या उद्यापन. नैवेद्यावर टोपी घालू का?" ती रडकुंडीला आली.

"अगं, नीट वाचलं नसशील!" म्हणत पितळी सुई आपलंच लिखाण वाचत विणू लागली. तिचीही टोपीच झाली! दर खांबाच्या टाक्यानंतर ती सवयीने एक साखळीचा टाका घालायची, तीच साखळी लिहायची राहिली होती; तिच्याविना वीण आवळून वर वळत होती. तिने ती लगेच लिहिली.

दुसऱ्या दिवशी लाकडी सुईचा नवा रुमाल नैवेद्यावर छान सपाट बसला. पितळी सुईने आधी देवाला हात जोडले, मग तिला.

"बाई गं, तुझा बिघडला म्हणून बाकीच्यांचे वाचले."