टिल्लीची सरकती दोरी

एक होती उंदरी. चिंचोक्याएवढी. नाव तिचं टिल्ली.
तिचा भाऊ भोंगू. शेंगदाण्याएवढा. रडू मात्र भोपळ्याएवढं!

घरचे सगळे रानात मुक्कामाला आले. दुपार झाली. भोंगूला झोप आली. आजोबांनी झोळी टांगायला घेतली. कशानं? लोखंडी साखळीनं! ही जाड! ही जड!
टिल्ली म्हणाली, "आजोबा, फांदी बारीक आहे."
आजोबा म्हणाले, "गप गं! आमच्या वेळी साखळीच असायची."
कडाड्! फांदी मोडली. धप्प! झोळी पडली.
भोंगू रडला. भ्यॅं भ्यॅं भ्यॅं! झोपेचं खोबरं!
आजोबा म्हणाले, "फांदीच खोटी!"
मोठी माणसं अशीच. चुकतात स्वतः, रागावतात फांदीवर.

टिल्लीला हवी हलकी दोरी. वर-खाली सरकणारी दोरी.
निघाली टिल्ली. तुरुतुरु तुरुतुरु.

झाडावर होती सुगरण.
"सुगरणताई, दोरी वळ!
दोरी वळली की झोळी टांगेन,
झोळी टांगली की भोंगू झोपेल!"
सुगरण म्हणाली, "गोड बोलण्याची दोरी होत नाही. आधी अंबाडीचा वाख आण, तिच्या सालीचे धागे, मग वळते."
तुरुतुरु तुरुतुरु.

बांधावर होती अंबाडी.
"अंबाडीमावशी, वाख दे!
वाख मिळाला की सुगरण दोरी वळेल,
दोरी वळली की झोळी टांगेन,
झोळी टांगली की भोंगू झोपेल!"
अंबाडी म्हणाली, "भिजल्याशिवाय माझी साल सुटत नाही. आधी ओढा आण, मग देते."
तुरुतुरु तुरुतुरु.

खाली होता ओढा.
"ओढेमामा, वाहा!
ओढा वाहिला की अंबाडी वाख देईल,
वाख मिळाला की सुगरण दोरी वळेल,
दोरी वळली की झोळी टांगेन,
झोळी टांगली की भोंगू झोपेल!"
ओढा म्हणाला, "वाहू कसा? मध्ये म्हैस बसलीय. आधी तिला उठव, मग वाहतो."
तुरुतुरु तुरुतुरु.

पाण्यात होती म्हैस.
"म्हशीकाकू, उठा!
म्हैस उठली की ओढा वाहील,
ओढा वाहिला की अंबाडी वाख देईल,
वाख मिळाला की सुगरण दोरी वळेल,
दोरी वळली की झोळी टांगेन,
झोळी टांगली की भोंगू झोपेल!"
म्हैस म्हणाली, "बाहेर आले की गोचिड्या चावतात. आधी बगळ्याला बोलाव, मग उठते."
तुरुतुरु तुरुतुरु.

चिखलात होता बगळा. एका पायावर. डोळे मिटून.
"बगळेबुवा, गोचिड्या टिपा!
गोचिड्या टिपल्या की म्हैस उठेल,
म्हैस उठली की ओढा वाहील,
ओढा वाहिला की अंबाडी वाख देईल,
वाख मिळाला की सुगरण दोरी वळेल,
दोरी वळली की झोळी टांगेन,
झोळी टांगली की भोंगू झोपेल!"
बगळा म्हणाला, "आम्ही ध्यानात आहोत."
टिल्लीनं खाली वाकून पाहिलं.
"ध्यान कसलं, बुवा? पाय रुतलाय तुमचा!"
"हळू बोल गं! लोक काय म्हणतील? आधी पाय सोडव, मग टिपतो."

आता टिल्ली कुणाकडे गेली नाही. तिनं नखं काढली. चिखल उकरला. खर्र खर्र, खर्र खर्र. पॉक! पाय सुटला!

बगळ्यानं गोचिड्या टिपल्या, टिप टिप टिप.
म्हैस उठली, हुश्श!
ओढा वाहिला, खळखळ खळखळ.
अंबाडी भिजली, तिनं वाख दिला, सर्र सर्र.
सुगरणीनं दोरी वळली, गर गर गर. आणि तिला बांधली सरकती गाठ.
दोरी इतकी हलकी, टिल्लीनं शेपटीवर घातली आणि पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

टिल्लीनं शेजारच्या फांदीला झोळी टांगली. फांदी हू की चू करेना.
"उंच!" भोंगू म्हणाला. गाठ सरकली. झोळी वर.
"नको, खाली!" गाठ सरकली. झोळी खाली.
"अजून एक बोटभर!"
एक बोटभर.
भोंगूनं टिल्लीची शेपटी धरली. घुर्र... घुर्र...

तेवढ्यात म्हैस आली. "टिल्ले, मला पण एक झोळी टांग की!"
टिल्ली म्हणाली, "टांगते की, काकू! आधी दोन डोंगर आणा. आणि हळू बोला, भोंगू झोपलाय."