अकरा निळे

“यातला कुठला निळा जुळेल?”

कल्याणीने लोकरीचे अकरा गुंडे फरशीवर ओळीने मांडले होते. शाळेचं दप्तर अजून तिच्या पाठीवरच होतं.

दस्तगीरबाबांनी वर पाहिलं नाही. ते टोपी विणत होते. पांढरा दोरा, बारीक क्रोशाची सुई. सुई आत जायची, दोरा ओढून बाहेर यायची.

टेकडीवर वारा होता. दर्ग्याच्या मागे दोन शेळ्या चरत होत्या. गुरुवार नव्हता, त्यामुळे दुसरं कुणी आलं नव्हतं. पायरीवर फक्त हमीदाबी फुलांची टोपली घेऊन बसली होती.

तीच बोलली.

“रंग विचारायला बरा माणूस गाठलास गं! चाळीस वर्षं झाली, या फकिराच्या हातात पांढऱ्याशिवाय दुसरा दोरा बघितला नाही मी.”

“मला लोकरीच्या दुकानदारांनी पाठवलं,” कल्याणी हळूच म्हणाली. “ते म्हणाले, आता माझ्याकडे येऊ नकोस. टेकडीवर जा.”

“एवढं पिडलंस त्याला?”

कल्याणीने मान खाली घातली.

हमीदाबी हसली. टोपलीवर ओलं फडकं टाकून ती पायऱ्या उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला… मग तोही थांबला.

“कशाशी जुळवायचाय?” बाबांनी विचारलं.

कल्याणीने पिशवीतून उशीचा एक अभ्रा काढला. अभ्र्यातून पांघरूण काढलं. निळं, क्रोशाचं, एका टोकाला दोरा तसाच लोंबत असलेलं. तो दोरा कुठे अडकू नये म्हणून तिने त्याला छोटी सेफ्टी पिन लावली होती.

“कुणी विणलं?”

“आईने.”

“मग आईला विचार की.”

…

“आई नाहीये.”

बाबांची सुई थांबली.

“किती दिवस झाले?”

“दिवाळीनंतर दोन वर्षं होतील.”

सुई पुन्हा चालू झाली. पण आता बाबा टोपीकडे बघत नव्हते, पांघरुणाकडे बघत होते.

“आडवी झालीस, की कुठवर येतं हे?”

कल्याणीला वाटलं होतं, ते रंगाचं विचारतील. तिने पोटरीच्या मधोमध हात ठेवला.

“इथवर.”

“आणि खाली?”

“तेव्हा पुरत होतं. मी उंच झाले.”

“खाली काय करतेस, ते विचारतोय.”

“पाय पोटाशी घेते.”

“घरात माहीत आहे?”

“नाही.”

वाऱ्याने एक गुंडा गडगडत निघाला. कल्याणीने तो पटकन धरला आणि पुन्हा ओळीत, त्याच्या जागी ठेवला. तिसरा.

“ह्या अकरांत एकही चालत नाही?”

“नाही.” आता तिचा आवाज बदलला. एवढा वेळ ती पुटपुटत होती. आता नीट बोलू लागली. “हा बघा. लांबून बरा वाटतो, पण याच्यात हिरवा आहे. ह्याच्यात जांभळा. हा चकाकतो. हा कोरडा आहे, खडूसारखा. आणि या शेवटच्याचा तर नंबर तोच आहे, कंपनी तीच आहे. पण रंगवला वेगळ्या वेळी. दुकानदार म्हणाले, अगं, सेम आहे. मी म्हटलं, उन्हात चला. उन्हात गेल्यावर गप्प बसले.”

“म्हणून तुला इकडे पिटाळलं.”

“माझा डोळा चुकत नाही, बाबा.”

“असं?”

“तुमच्या मांडीवरच्या रिळाचा पांढरा आणि टोपीच्या मधल्या गोलाचा पांढरा वेगळा आहे. रिळाचा जरा निळसर आहे.”

बाबांनी टोपी डोळ्यांजवळ धरली. रीळ धरलं. मग मोठ्याने हसले. वरचे दोन दात नव्हते.

“सकाळपासून विणतोय. आता उसवणं आलं.”

आणि ते खरंच उसवायला लागले. न चिडता, दोरा बोटाला गुंडाळत. कल्याणीला वाईट वाटलं. आपण उगीच बोललो असं वाटलं. पण आपलं बरोबर निघालं, याचं आतून थोडं बरंही वाटलं.

“एवढे गुंडे तू गोळा केलेस?”

“मी नाही. त्या आणतात.”

“त्या कोण?”

“पप्पांनी दुसरं लग्न केलं. गेल्या वर्षी.”

…

“मी एकदा दुकानात हा रंग मागत होते, ते त्यांनी ऐकलं. तेव्हापासून आणतात. सांगलीला गेल्या की आणतात, मिरजेहून आणतात. शेजारचे काका पुण्याला गेले, तर त्यांना धाग्याचा तुकडा कागदात बांधून दिला. आणलेला गुंडा माझ्या उशीजवळ ठेवतात. बोलत काही नाहीत.”

“आणि तू?”

“मी सकाळी उजेडात बघते. आणि परत त्यांच्या कपाटात ठेवून देते.”

“काही न बोलता.”

“हो.”

“अकरा वेळा.”

कल्याणीने ओळीतला एक गुंडा उगीच सरळ केला.

“काय म्हणून हाक मारतेस त्यांना?”

“हाक मारत नाही. काम असलं की समोर जाऊन उभी राहते. त्या बघतात.”

बाबांचा दोरा उसवून झाला. हातात टोपीचा रुपयाएवढा गोल तेवढा उरला. तो त्यांनी बाजूला ठेवला.

“स्वयंपाक बरा करतात?”

“आमटी आईसारखी करतात. म्हणजे, करायला जातात. गूळ जरा जास्त पडतो.”

“मग?”

“ताटात तशीच ठेवते मी.”

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. आतल्या खोलीतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. ते दोन टोप्या घेऊन बाहेर आले. एक तिच्या हातात दिली.

“बघ.”

कल्याणीला बघावंसुद्धा लागलं नाही.

“अर्ध्यात दोरा बदललाय. खालचा पिवळट आहे.”

“तरणा होतो तेव्हा. दोरा संपला. मी म्हटलं, पांढऱ्याला पांढरा, कोण बघतंय? एकाला दिली. दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. म्हणाला, बाबा, कुणाची वापरलेली दिलीत का?”

“दोन्ही दोरे नवे होते?”

“कोरे करकरीत.”

कल्याणीने टोपी फिरवून पाहिली. खरंच, मळकी दिसत होती. वरचा पांढरा एकटा असता तर स्वच्छ दिसला असता. खालचाही. एकत्र आले होते आणि दोघंही मळके झाले होते.

बाबांनी दुसरी टोपी दिली.

ही पांढरी होती आणि तिच्या कडेला तीन ओळी हिरव्या होत्या. कैरीसारख्या हिरव्या.

“ही छान आहे,” ती लगेच म्हणाली.

“हिचाही दोरा संपला होता.”

…

“हमीदाबीला सांगू नकोस,” बाबा म्हणाले. “चाळीस वर्षांचं नाव जाईल माझं. थंडीत झोपताना घालतो.”

कल्याणीला हसू आलं. ते तिने ओठांतच ठेवलं. मग ती पुन्हा टोपीकडे बघू लागली. पांढरी ओळ जिथे संपत होती आणि हिरवी जिथे सुरू होत होती, तिथे बोट फिरवलं. जोड कुठे आहे, हे अगदी उघड दिसत होतं. कुणी लपवलाच नव्हता.

“ही का जुळली? ती तर नाही जुळली.”

“हा हिरवा पांढरा व्हायला आलाच नव्हता.”

शेळ्या चरत चरत भिंतीच्या पलीकडे गेल्या होत्या. ऊन उतरलं होतं. अकरा गुंड्यांच्या सावल्या फरशीवर लांब पडल्या होत्या, आणि सावल्या मात्र सगळ्या सारख्याच होत्या.

“म्हणजे वेगळा रंग घेऊ?”

बाबांनी तिच्या हातातून दोन्ही टोप्या परत घेतल्या.

“लाल घेऊ? लाल भडक होईल. पांढरा घेतला तर दवाखान्यातल्यासारखं होईल. पिवळा…” तिने डोळे मिटून बघितलं. “पिवळा कुठला, ते बघावं लागेल. कुठला घेऊ, बाबा?”

“त्या तुमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा काय नेसल्या होत्या?”

“कोण?”

बाबांनी गुंड्यांकडे बोट केलं.

“विटकरी साडी,” कल्याणी म्हणाली. तिला आठवावं लागलं नाही. “साधी. काठ नव्हते. पदरावर बारीक ठिपके होते, पांढरे. एका जागी पदर रफू केलेला होता, पण नीट केला होता, जवळून बघितल्याशिवाय कळला नसता.”

“चांगली दिसत होती?”

“हो.”

“पुन्हा कधी नेसल्या?”

…

“नाही नेसल्या.”

“फाटली असेल.”

“नाही. कपाटात आहे. गुंडे ठेवायला जाते तेव्हा दिसते. सगळ्यांत खाली, घडी घातलेली.”

“मग आता काय नेसतात?”

“निळ्या.” ती थांबली. “निळ्याच नेसतात.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

बाबांनी उसवलेला दोरा उचलला आणि परत रिळावर गुंडाळू लागले. एक फेरा, दुसरा फेरा. घाई नव्हती. खाली गावात कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाका मारत होतं. वाऱ्यामुळे नाव ऐकू येत नव्हतं.

“मी म्हणाले होते,” कल्याणी म्हणाली.

फेरे चालू राहिले.

“पहिल्या दिवशी. त्यांनी चहा दिला. मी म्हणाले, आई निळं नेसायची. … तेवढंच म्हणाले.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर काहीच नाही बोलले.”

तिने पांघरुणाचं टोक हातात धरलं होतं. सेफ्टी पिन उघडत होती, लावत होती.

बाबा पुन्हा उठले. दर्ग्याची मागची भिंत एका कोपऱ्यात ढासळली होती. तिथून त्यांनी विटेचा एक तुकडा उचलला. फुंकर मारून त्यावरची माती उडवली. झग्याला पुसला. मग परत येऊन पांघरुणाच्या कडेला, जिथे आईचा शेवटचा टाका होता, तिथे तो अलगद ठेवला.

आणि आपल्या जागी जाऊन बसले.

कल्याणी बघत राहिली.

जवळजवळ दोन वर्षं ती हे पांघरूण उजेडात धरून बघत होती. दुकानात, खिडकीत, शाळेच्या मैदानावर. प्रत्येक वेळी एखादा निळा त्याच्या शेजारी धरून. प्रत्येक वेळी तिला फरकच दिसला होता, पांघरूण दिसलंच नव्हतं.

आता विटेच्या शेजारी ते निळं होतं. आईने विणायला घेतलं त्या दिवशी होतं तेवढं निळं.

तिने विटेचा तुकडा थोडा सरकवला. मागे घेतला. परत ठेवला.

“हाच,” ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात.

तिने एकेक गुंडा उचलून पिशवीत ठेवला. सगळे अकरा. पांघरुणाची घडी घालून ते अभ्र्यात सरकवलं. विटेचा तुकडा हातातच राहिला.

“हा नेऊ? रंग दाखवायला?”

“ने.”

“दुकानात मिळेल?”

“जिची साडी आहे तिला ठाऊक, कुठे मिळतं ते.”

कल्याणी उभी राहिली. दोन पायऱ्या उतरली. मग थांबली. पाठमोरीच.

“बाबा…”

“हं.”

“मला बोलता येत नाही. त्या समोर आल्या की शब्दच येत नाहीत. मी वीट दाखवीन. त्या विचारतील, आता वर्षानंतर एकदम हा रंग कसा काय?”

बाबांनी टोपीचा तो छोटा गोल उचलला. जुळणारं रीळ शोधलं, उजेडाकडे धरून दोनदा खात्री केली.

“त्यांना काय सांगू?”

बाबांनी पहिला टाका घातला.

“सांग, पाय उघडे पडतात.”