तिसऱ्या रविवारची हजेरी

रविवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी खैरदऱ्याच्या ख्रिस्ती देवळात एलिया मास्तरांनी नाव पुकारले, “सगुणाबाई लाजर मकासरे!” बायकांच्या बाजूने उत्तर आले, “हजर!” मास्तरांनी सवयीने हजेरीपटावर खूण केली, पुढच्या नावावर बोट नेले आणि तिथेच थांबले. सगुणाबाई गावात नव्हत्या. मंगळवारीच त्या बावीस मैलांवर, मोरवणला, कालव्याच्या कामावर गेल्या होत्या. डोक्यावर बोचके घेऊन वेशीबाहेर पडताना मास्तरांनी त्यांना स्वतः पाहिले होते.

शांतवन महाराजांच्या पुष्कळ कथा तुम्ही ऐकल्या आहेत, बाबांनो. ही त्यांतली सर्वांत कमी उलगडलेली. जेवढे घडले तेवढेच सांगतो.

त्या वर्षी इस्टरआधीच्या उपवासकाळात महाराजांचा मुक्काम खैरदऱ्यात होता. महाराज पाळक नव्हते. खांद्याला एकतारी, अंगात जाडाभरडा सदरा, आणि गावोगाव प्रभूचे कीर्तन. देवळाच्या ओसरीवर निजत, कुणी भाकरी दिली तर खात. पाळकसाहेब महिन्यातून एकदा तालुक्याहून येत. बाकीचे तीन रविवार उपासना चालवायचे ते शाळेचे एलिया मास्तर. दुसरे गीत झाले की मास्तर मंडळीची हजेरी घेत. वीस वर्षांच्या त्या हजेरीपटात एक खाडाखोड नव्हती, आणि मास्तरांना त्याचा भारी अभिमान.

सगुणाबाई पन्नाशीच्या विधवा. लहानपणी घसा बसला तो सुटलाच नाही. आवाज असा की चिरलेल्या मडक्यावर कुणी नखे ओढावीत. “सगुणाबाई, तुम्ही गाऊ नका,” मास्तर भर उपासनेत म्हणत, “देवालाही कान आहेत!” मंडळी हसे. सगुणाबाईही हसत, आणि पुढचे कडवे सर्वांच्या आधी उचलत.

कालव्याचे काम तीन आठवड्यांचे होते. तिथली सुट्टी मंगळवारी, बाजाराच्या दिवशी. जाण्याआधीच्या रविवारी त्या मास्तरांपुढे उभ्या राहिल्या.

“मास्तर, तीन रविवार यायला जमायचं न्हाई. माझी रजा मांडा.”

“रजा आजाऱ्याला. पोटामागं गेलेल्याला नाही. सगळ्यांच्या रजा मांडत बसलो तर देवळात मी आणि पाली उरू. तीन रविवार चुकले की नाव बाद, हा मंडळीच्या पंचांचा नियम.”

सगुणाबाईंचा चेहरा उतरला. पटावरून नाव गेले की प्रभुभोजनाचा हक्क गेला, आणि मंडळीच्या कबरस्तानातली जागाही गेली. तिथे त्यांचा नवरा लाजर पुरलेला होता. त्याच्यापासून दोन हातांवर चार वर्षांची होऊन वारलेली मुलगी होती. मधली जागा सगुणाबाईंनी दगड लावून आपल्यासाठी राखली होती. जगाकडे त्यांचे तेवढेच मागणे होते.

“मास्तर, माझी ती मधली जागा...”

“मग तिकडूनच ओरडा की!” मास्तर म्हणाले. “तुमचा आवाज काय साधा आहे? तिन्ही रविवार तिथून ‘हजर’ म्हणा, मी मांडून घेतो. एक जरी चुकला तरी खोडणार बघा!”

देवळात खसखस पिकली. सगुणाबाईंनी मात्र दोन्ही हात जोडले.

“लई उपकार झाले, मास्तर. किती वाजता पुकारता?”

आता तर माणसे पोट धरून हसू लागली. मास्तरांनी डोळे पुसत सांगितले, “आठ चाळीस.”

केवढा हा भोळेपणा! थट्टेला त्यांनी परवानगी मानले. बाहेर ओसरीवर महाराज तुटलेली वहाण शिवत बसले होते. सगुणाबाई त्यांच्यापाशी टेकल्या.

“महाराज, तिथनं म्हटलेलं हितं पोचंल का?”

महाराजांनी दाभण खाली ठेवले. “ते मला ठाऊक नाही, बाई.” वहाण बाजूला सारून ते म्हणाले, “पण तू म्हण. पोचवणं तुझ्याकडं दिलेलं नाही.”

आणि पहिल्याच रविवारी उत्तर आले.

मास्तरांनी पहिला अर्थ लावला तो साधा होता. कुणीतरी नक्कल केली. त्यांनी बायकांकडे डोळे वटारून पाहिले. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. शाईची खूण तर होऊन गेली होती, आणि खोडायचे म्हणजे वीस वर्षांच्या पटावर डाग. मास्तरांनी खूण तशीच ठेवली आणि पुढच्या रविवारची तयारी केली.

दुसऱ्या रविवारी देवळाच्या दारात पाण्याची घागर होती. आत येणाऱ्या प्रत्येक बाईने, गीते झाली की, तोंडात चूळ धरायची आणि हजेरी संपेपर्यंत सोडायची नाही. आपले नाव आले की नुसता हात वर करायचा.

“मास्तर, उपासना हाय का दात घासायचा कारेक्रम?” म्हाताऱ्या मार्थाबाईंनी विचारले.

“चूळ धरा, मार्थाबाई.”

आठ चाळीसला पस्तीस बायका गाल फुगवून बसल्या होत्या. मास्तरांनी नाव पुकारले, “सगुणाबाई लाजर मकासरे!”

“हजर!”

तोच चिरका आवाज. मार्थाबाईंच्या तोंडातले पाणी पुढच्या रांगेवर उडाले, आणखी दोघींना ठसका लागला. पण आवाज त्या तिघींच्या आधीचा होता, हे मास्तरांना कबूल करावे लागले. त्यांनी खूण केली.

तो आठवडा मास्तरांना नीट आठवत नाही. सोमवारी त्यांनी फळ्यावर सात आठे चौपन्न लिहिले आणि वर्गाने ते तीनदा घोकले. बायकोने वाढलेले ताट दोन वेळा तसेच राहिले. एकदा वाटे, सगुणाबाई गावातच कुठेतरी दडून आहेत. एकदा वाटे, आपल्याच कानांत काही झाले आहे. पण मग मार्थाबाईंच्या कानांत काय झाले? शनिवारी त्यांना एकदम सुचले: महाराज! कीर्तनकार माणूस. कीर्तनात लांडग्याचा आवाज काढतो, कोकराचा काढतो. त्याला एका विधवेचा आवाज काय जड? मास्तरांना इतके हलके वाटले की त्या रात्री त्यांना झोप लागली.

तिसऱ्या रविवारी त्यांनी घागर पुरुषांच्या बाजूलाही ठेवली, आणि पहिला पेला स्वतः महाराजांपुढे नेला.

“महाराज, राग मानू नका.”

“राग कसला? उन्हाळा आहे,” महाराज म्हणाले. त्यांनी चूळ घेतली आणि डोळे मिटून बसले.

देवळात बोलू शकणारा आता एकच माणूस होता, तो म्हणजे मास्तर. त्यांनी नाव पुकारले. काही क्षण काहीच आले नाही. मास्तरांनी टाक उचलला. आता गैरहजेरी मांडायची आणि नाव खोडायचे. आणि मग उत्तर आले. पण या वेळी ते स्पष्ट नव्हते. दबलेले, जाड, भरल्या तोंडाने काढावे तसे.

“सापडला!” मास्तर ओरडले. “ज्याच्या तोंडात पाणी आहे तोच बोलला! महाराज, तोंड उघडा!”

महाराजांनी तोच रिकामा लहानसा पेला उचलला आणि चूळ त्यात सोडली. जेवढी घेतली होती तेवढीच, काठोकाठ. मग महाराज म्हणाले, “मास्तर, मला तो आवाज बरा वाटला नाही. तुमच्याकडे सायकल आहे. जाऊन या.”

मास्तरांनी तिसऱ्या चौकटीत काहीही न लिहिता पट मिटला. उपासना पंचांवर सोपवली आणि सायकल काढली. वाटेत दोनदा चाकातली हवा गेली. सबंध रस्ता ते स्वतःशी एकच हिशेब मांडत होते. सगुणाबाई मोरवणला नसल्या तर लबाडी उघड होईल. असल्या तर? पुढचे वाक्य त्यांना जुळवता येईना.

मोरवणच्या खिंडीत ते तीनच्या सुमाराला पोचले. काम बंद होते. कालव्याच्या उजव्या अंगाची चाळीस फूट दरड खाली आली होती. गेनू मुकादम दगडावर बसला होता, कोपरापर्यंत मातीने माखलेला.

“खैरदऱ्याचे का तुम्ही? त्या हजर-बाईच्या गावचे?”

“हजर-बाई?”

“आम्ही तसंच म्हणतो तिला. रविवारी न्याहारीची शिट्टी झाली की सगळे वर येतात, ही बया खालीच थांबती, मावळतीकडं तोंड करती आन् कोकलती, ‘हजर!’ पोरं हसायची. आज शिट्टी वीस मिनिटं आधी झाली, ही थांबली आन् दरड आली.”

मास्तरांनी सायकल दगडाला टेकवली. मुकादमच पुढे सांगू लागला. “मी तर आशा सोडली होती. चाळीस फूट माती, त्यात कुठं हाणायची कुदळ? आम्ही पार वरच्या टोकाला उकरत होतो. तर खालच्या टोकाकडनं मातीतनं आवाज आला, ‘हजर’. धावलो, खणलं. हात लागला. वर घेतली तर दातखीळ बसलेली आन् तोंडात गच्च माती. या बोटानं मी काढली, मास्तर. दोन मुठी निघाली.”

“किती वाजता?”

“आवाज आला तेव्हा घड्याळात पावणेनऊ. घड्याळ माझं पाच मिनिटं पुढं असतं. कधी सहा.”

सगुणाबाई झोपडीत घोंगडीवर पडल्या होत्या. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. मास्तरांना पाहून त्या उठू लागल्या.

“अगो बया! मास्तर, तुम्ही? रविवारचं देऊळ सोडून?”

“पडून राहा.” मास्तर जमिनीवर बसले. “सगुणाबाई, पहिल्या रविवारी तुम्ही म्हणालात?”

“म्हटलं की. दुसऱ्यालाबी म्हटलं. पोचलं व्हय?”

“पोचलं.”

त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. त्यांनी आढ्याकडे तोंड फिरवले.

“आज न्हाई म्हटलं, मास्तर.”

“म्हणालात. आम्ही ऐकलं. इथल्या माणसांनी ऐकलं.”

“म्या तोंड उघडलं आन् वरनं माती आली. सबुद भाईर पडलाच न्हाई. मग सगळा अंधार. ही माणसं म्हणत्यात तू हाक दिलीस म्हणून घावलीस. म्या न्हाई दिली. तोंडात माती आसल्यावर कोण बोलंल?” त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळले. “तुम्ही म्हटला व्हता, एक चुकला तरी खोडणार. चुकला माझा. आता तुमच्या बोलीपरमानं माझी मधली जागा गेली. पर खोटं लिवू नका. देवाचा पट हाय त्यो.”

मास्तरांनी त्यांना किती तरी परींनी सांगून पाहिले. आम्ही ऐकले, चाळीस घरांच्या मंडळीने ऐकले, तुम्हाला आठवत नसेल. त्या मान हलवत राहिल्या. एक होकार दिला असता तर सगळे त्यांच्या बाजूने होते! धन्य ती बाई! जे हवे ते हाताशी आले असता तिने खरे सोडले नाही. मास्तरांनी डोक्यावरची काळी टोपी काढली आणि कामट्या बांधलेल्या त्या पायाशी माथा टेकला. “अवो, काय करता!” सगुणाबाई पुटपुटल्या, पण पाय हलवता येत नव्हता.

सोमवारी दुपारी मास्तर खैरदऱ्याला परतले ते सरळ ओसरीवर आले, आणि सायकल तशीच पाडून महाराजांपुढे वाकले.

“उठा, मास्तर,” महाराज म्हणाले. “माझ्या पाया कशाला पडता? माझी तर तुम्ही चूळ मोजून घेतलीत.”

“म्हणूनच पडतो. महाराज, ती म्हणते मी बोललेच नाही. मग बोललं कोण?”

महाराजांनी सगळे ऐकून घेतले. मधेच एकदा त्यांनी विचारले, “दोन मुठी माती म्हणालात?” मास्तर हो म्हणाले. महाराजांनी एकतारी उचलून भिंतीला टेकवली.

“मला वाटायचं,” शेवटी महाराज म्हणाले, “की आपण हाक देतो आणि ती पोचते. पहिल्या दोन रविवारांचं मी तसंच समजलो होतो. तिसऱ्या वेळी हाक देणारं तोंडच बंद होतं, तरी हाक आली; ते मला समजत नाही.”

“मग मी चौकटीत काय लिहू?”

“तुम्ही काय ऐकलंत?”

“हजर.”

“आणि ती काय म्हणते?”

“मी नव्हते.”

महाराजांनी हात जोडले आणि डोळे मिटले. मास्तर त्यांच्यापुढे वाकलेलेच राहिले. शाळेची घंटा झाली तरी उठले नाहीत.

यापुढची माहिती थोडी आहे. सगुणाबाईंचे नाव पटावरून खोडलेले नाही. पहिल्या दोन रविवारांच्या चौकटींत मास्तरांच्या हातची खूण आहे, तिसरी कोरी आहे. पंचांची बैठक त्यासाठी दोनदा बसली आणि निकाल न देता उठली. पोटामागे गेलेल्यांची रजा आता मांडली जाते. इस्टरच्या आदल्या शनिवारी मास्तर पुन्हा मोरवणला गेले आणि त्या सकाळी खणत असलेल्या अकरा मजुरांना त्यांनी एकेकटे गाठून विचारले. शब्दाबद्दल कुणाचे दुमत नव्हते. सात जण म्हणाले, आवाज बाईचाच होता. चौघे म्हणाले, पुरुषाचा.