शेपटीतला खिळा

"मग तिच्या विमानात असं काय आहे, महाराज, जे माझ्या विमानात नाही?"

केवळपुरी महाराजांनी मान वर केली नाही. फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा एक जाड ठोकळा ते ओल्या फडक्यानं पुसत होते.

"उचलून बघितलंस?"

"उचलायचं कशाला? दिसतंच आहे की."

"काय दिसतं?"

"कचरा."

महाराज हसले. "आणि तुझं संगमरवराचं आहे का?"

दिगंबरनं दुसरा ठोकळा पुसायला घेतला.

मठ घाटमाथ्यावर होता. खालच्या गावात टीव्ही-फ्रिजची दुकानं वाढली, तसा त्यांच्या खोक्यांतला थर्माकोल मठाखालच्या ओढ्यात येऊन पडू लागला. मठाची एक गाय तो खाऊन मेली. त्या दिवसापासून महाराज थर्माकोल वेचू लागले. वेचलेल्याचं करायचं काय, म्हणून त्याची विमानं करू लागले. त्यांना ना इंजिन, ना मोटर. कड्यावरून हातानं सोडायचं. वारा नेईल तिथं जाऊन घेऊन यायचं.

शिकायला माणसं येत. बरीचशी दोन महिन्यांत जात.

दिगंबर नाईकवाडे नऊ वर्षं टिकला होता. तो तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवायचा. त्याची रेघ पाहून लोक पट्टी शोधत.

पंख कापायला मठात एक लांब धनुष्य होतं. बांबूचं, दोरीच्या जागी बारीक तार. बॅटरी जोडली की तार तापे आणि आवाज न करता थर्माकोलमधून सरके. ठोकळ्याच्या दोन बाजूंना दोन माणसं लागत. दोघांचा वेग एक हवा. एकजण रेंगाळला, की त्याच्या बाजूचा पंख वितळून पातळ होई.

एक टोक महाराजांचं. दुसरं नऊ वर्षं दिगंबरचं.

श्रावणात महाराजांचे हात थरथरू लागले. दसऱ्याला मी माझं टोक सोडीन, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणाला देणार, ते सांगितलं नाही. दिगंबरनं विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

पण सगुणा होती...

सगुणा घोलप गावातल्या एका दुकानात खोकी फोडायचं काम करायची. थर्माकोल ओढ्यात टाकायच्या ऐवजी पोत्यात भरून ती मठात आणून द्यायची. नवरा गेला त्या वर्षी एकदा तिनं पोतं खाली ठेवलं आणि तिथंच बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी महाराजांनी तिच्यापुढं गोंद सरकवला.

भाद्रपदात दिगंबर परीक्षेच्या कामाला तीन दिवस गेला. परत आला, तेव्हा धनुष्याचं दुसरं टोक सगुणाच्या हातात होतं. त्याला पाहताच ती बाजूला झाली.

"या सर. धरा तुमचं टोक."

तिनं ते घेतलं होतं, याचं त्याला वाईट वाटलं. तिनं ते परत दिलं, हे मात्र त्याला सहन झालं नाही.

विमान हवेत असेपर्यंत महाराज कड्यावर बसून जपमाळेचे मणी ओढत. पूर्वी दिगंबर फक्त स्वतःचे मणी मोजायचा. आता तो तिचेही मोजू लागला. त्याचे वीस. तिचे बावीस.

त्याच्या विमानाचा आराखडा ग्राफपेपरवर होता. पंखांत बांबूच्या काड्या, वरून चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या रंगाचे तीन हात. तिचं विमान पांढरंच होतं. टीव्हीचा कोपरा बसायची खाच पंखात तशीच राहिलेली. नाकाला चिखलाचा गोळा.

"सर, तुमचं विमान लई देखणं हाय," ती एकदा म्हणाली. "नजर लागंल."

"तुझ्या विमानात टीव्ही बसवायचा राहिला वाटतं."

बाकीचे हसले.

"बसवला असता की," सगुणा म्हणाली. "पर मग तुम्ही निस्तं माझ्याच विमानाकडं बघत बसला असता. आताबी बघताच म्हना."

बाकीचे पुन्हा हसले. जास्त मोठ्यानं.

विमान तयार झालं, की पंखाखाली दोन बोटं धरून ते तोलायचं, ही मठातली रीत. सपाट राहिलं तर ठीक. नाक खाली गेलं तर नाक जड, शेपूट खाली गेली तर शेपूट जड.

महाराज म्हणाले, "दिगंबर, सगुणाचं जरा तोलून बघ रे. तुझी बोटं जुनी आहेत."

"तिनं विचारलं तर बघेन."

सगुणानं ऐकलं. ती विचारायला आली नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. सुऱ्या, पट्ट्या, हातोडी, धनुष्य, सगळं पाटावर मांडलं. झेंडूची फुलं वाहिली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो.

दुपारी सगळे जेवायला बसले होते. दिगंबर हात धुवायला म्हणून उठला. विमानं पडवीत एका रांगेत ठेवलेली. दारावर तोरण बांधून उरलेले बारीक खिळे कोनाड्यात होते. त्यानं एक उचलला. हातोडी पूजेत होती. त्यानं खिळा अंगठ्यानंच दाबला... सगुणाच्या विमानाच्या शेपटीत, डोकं दिसेनासं होईपर्यंत.

शेपूट जड झाली की विमान मान वर करतं आणि तिथल्या तिथं कोसळतं. हे त्यानंच नऊ वर्षं नवशिक्यांना शिकवलं होतं.

मग तो पंगतीत येऊन बसला. कुणीतरी त्याला भात वाढला. त्यानं तो संपवला.

दसऱ्याच्या सकाळी वारा चांगला होता.

दिगंबरच्या विमानानं वीस मणी घेतले. नेहमीसारखेच.

सगुणानं पदर खोचला, चार पावलं पळाली आणि विमान सोडलं. विमानानं मान वर केली. दिगंबर एक पाऊल पुढं आला... आणि विमान सपाट झालं. रोज अठराव्या मण्याला ते नाक खाली घालायचं. आज घातलं नाही. ओढ्यावरून गेलं, करवंदीच्या जाळ्यांवरून गेलं, पलीकडच्या पडीक रानावर जाऊन एक वळण घेतलं.

महाराजांची बोटं थांबेचनात.

"बेचाळीस," ते शेवटी म्हणाले.

आजवर मठात एवढे मणी कुणाचेच झाले नव्हते. महाराजांचेही नाहीत.

सगुणा धावत खाली गेली आणि विमान छातीशी धरून वर आली. तिला दम लागला होता. "कसं झालं, काय कळंना बगा! देवाची किरपा!"

महाराजांनी विमान हातात घेतलं. दोन बोटांवर धरलं. सपाट राहिलं. त्यांनी अंगठा शेपटीवरून फिरवला. अंगठा एका जागी थांबला. मग काही न बोलता विमान त्यांनी तिला परत दिलं.

लोक तिच्याभोवती जमले. दिगंबर महाराजांपाशी गेला.

"महाराज, ते उड्डाण माझं आहे."

"हं?"

"शेपटीत खिळा आहे. काल मी घातला. तिच्या विमानाचं नाक जड होतं, ते त्या खिळ्यानं तोललं गेलं. देवाची कृपा कसली? बावीस मणी तिचे असतील. वरचे वीस माझे."

"नाक जड आहे हे तुला काल माहीत होतं?"

"नाही."

"मग खिळा कशाला घातलास?"

"...पडावं म्हणून."

महाराजांनी जपमाळ गळ्यात घातली.

"वीस मणी म्हणजे थोडे नाहीत," ते म्हणाले. "मागून घे तिच्याकडून."

"सगळ्यांसमोर?"

"उडालं ते सगळ्यांसमोरच."

"मग त्यांना हेही सांगावं लागेल, की कशासाठी..."

"नको असेल तर राहू दे. बेचाळीस तिचे."

तिकडं सगुणा कुणाला तरी चौथ्यांदा सांगत होती, की विमान वळलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. दिगंबर तिच्याजवळ गेला. वीस मण्यांचं सांगायचं असं ठरवून तो गेला होता. तोंड उघडलं, तेव्हा दुसरंच निघालं.

"सगुणाबाई, काल मी तुमच्या विमानात खिळा घातला. ते पडावं म्हणून."

जमलेले लोक त्याच्याकडं वळले.

सगुणानं शेपूट चाचपली. नखानं खिळा उपसून तळहातावर घेतला.

"खंडेनवमीला, सर?"

"हो."

"आमी जेवत हुतो तवा?"

"हो."

तिनं दोन बोटांवर विमान धरलं. नाक खाली गेलं. तिनं खिळ्याकडं पाहिलं, दिगंबरकडं पाहिलं. मग खिळा पुन्हा त्याच भोकात दाबला.

"तोलून बघा म्हनून म्या तुमाला इचारायला पायजे हुतं," ती म्हणाली. "पर तुमी असं बघायचा, की माजी जीभच उचलंना."

तिचा आवाज चिरकला होता. ती रागावली होती, हे सगळ्यांना कळलं. तिनं ते लपवलं नाही.

मग ती त्याच्या विमानापाशी गेली. न विचारता उचललं. "अगं बया! केवढं जड!" ती म्हणाली. "ह्याच्यात कुनी काय घालायची गरजच न्हाई. तुमीच सगळं घालून ठेवलंय की."

कुणी हसलं नाही. दिगंबरनं होकारार्थी मान हलवली.

पाटावरची फुलं बाजूला केली गेली. महाराजांनी धनुष्य उचललं, बॅटरी जोडली. आपलं टोक सगुणाच्या हातात दिलं. तिनं आधी ते कपाळाला लावलं.

ठोकळ्याच्या पलीकडं दुसरं टोक जमिनीवर टेकलेलं होतं. कुणी पुढं आलं नाही. तार तापू लागली. जुन्या थर्माकोलचा जळका वास सुटला.

दिगंबर तिथंच उभा होता.

"महाराज," तो म्हणाला, "आणि माझं टोक? ते आता कुणाला देणार?"

महाराज आपला रिकामा हात पंच्याला पुसत होते.

"ते मी कधी कुणाला दिलंच नव्हतं. जो उचलेल त्याचं."